एका टोकाला ७१, दुसऱ्या टोकाला ८७: ओव्हरक्लॉक केल्यावर कोर वेगवेगळे का तापतात आणि नवीन माणसानं काय तपासायचं

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. नागपुरात "कूलर काढला, साफ केला, परत बसवला" असं कोणाला सांगितलं की समोरचा पहिलं विचारणार, ताट्या बदलल्या का. म्हणून या लेखात कूलर म्हणजे खिडकीतला पाण्याचा कूलर, आणि प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो तो हीटसिंक. नाहीतर पुढे वाचताना डोकं फिरेल.

तर झालं असं की माझी खोली वरच्या मजल्यावर, मानेवाड्यात, स्लॅब संध्याकाळी आठपर्यंत निखाऱ्यासारखा तापलेला. त्यात मी एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे शहाण्या माणसानं जे करू नये ते, सेकंडहँड घेतलेला चार कोरचा (कोर म्हणजे चिपमधला स्वतंत्र काम करणारा भाग) अनलॉक्ड, म्हणजे वेग वाढवू देणारा, प्रोसेसर ४.२ वरून ४.६ गीगाहर्ट्झवर नेला. यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात, आणि त्या वेगाला क्लॉक. चालला मस्त. पण एचडब्ल्यूइन्फो, म्हणजे टेम्परेचर दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून फुल लोडवर टेम्परेचर बघितलं तर कोर शून्य ७१, कोर एक ७६, कोर दोन ८२, कोर तीन ८७. आतेभाऊ मागं उभा राहून पाहत होता, म्हणाला, "काहून बे, एकाच चिपचे चार कोर अन् चारहीचे चार भाव?" प्रश्न बरोबर होता. मी तीन संध्याकाळी वाया घालवल्या, बर्डीच्या बाजारातून प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावायची नवीन पेस्ट आणली, पंखा बदलला, आणि शेवटी कळलं की चूक एका स्क्रूची होती. ती तुमची होऊ नये म्हणून हे लिहितोय, आणि ज्या क्रमानं मी करायला हवं होतं त्या क्रमानं लिहितोय.

आधी हे ठरवा की फरक खरंच प्रॉब्लेम आहे का

कोरच्या टेम्परेचरमध्ये थोडा फरक असतोच. इंटेलच्या डेस्कटॉप चिपमध्ये प्रत्येक कोरजवळ डिजिटल सेन्सर असतो, आणि तो "मी आत्ता ७० डिग्री आहे" असं सांगतच नाही, तो सांगतो की कमाल मर्यादेपासून मी किती खाली आहे. ती मर्यादा बऱ्याच इंटेल चिप्सवर १०० डिग्री असते. सॉफ्टवेअर १०० मधून तो आकडा वजा करून आपल्याला दाखवतं. त्यामुळे सेन्सर मर्यादेच्या जवळ बरा बोलतो, आणि खाली म्हणजे ३०-४० डिग्रीला बऱ्यापैकी थापा मारतो. २००८ च्या आसपासच्या ४५ नॅनोमीटरच्या कोअर टू चिप्समध्ये तर काही सेन्सर खाली एका आकड्यावर अडकूनच बसायचे.

म्हणून मशीन निवांत असताना एक कोर ३४ आणि दुसरा ४१ दिसतोय म्हणून कोणी घाबरून हीटसिंक उपसत असेल तर भाऊ, थांब. आयडलवरचा फरक विसरून जायचा. फुल लोडवर पाच-सात डिग्री, अगदी दहापर्यंतसुद्धा, मी सोडून देतो. दहाच्या वर गेलं आणि सगळ्यात गरम कोर ८५-९० च्या घरात असेल तर मग बघायचं. कारण एक जरी कोर मर्यादेला टेकला तरी प्रोसेसर स्वतःला वाचवायला क्लॉक पाडतो, बाकीचे तीन थंड असले तरी त्याचा उपयोग शून्य, म्हणजे तुमचं ओव्हरक्लॉक त्या एका गरम कोरच्या हातात.

नवीन इंटेलवाल्यांनी, म्हणजे २०२१ च्या बाराव्या जनरेशनपासून पुढचे, एक लक्षात ठेवा की तुमच्याकडे मोठे पी कोर आणि छोटे ई कोर असे दोन प्रकार असतात, पी कोर जास्त तापणारच. पी ची तुलना पी शी, ई ची ई शी. रायझनवाल्यांना, म्हणजे एएमडीचा प्रोसेसर असणाऱ्यांना, कोरपेक्षा चिपलेटचं, म्हणजे सीसीडीचं टेम्परेचर जास्त कामाचं, आणि दोन सीसीडी असतील तर दोघांत फरक दिसणार, शिवाय रायझन ७००० तर लोड आला की ९५ डिग्रीपर्यंत जायलाच बनवलाय, तो आकडा बघून दचकू नका.

मोजायचं कसं

हे नीट केलं नाही तर पुढचं सगळं पाण्यात. भिंतीवरचं साधं थर्मामीटर आणा आणि कॅबिनेटच्या पुढे, जिथून हवा आत जाते तिथे ठेवा. नागपुरात हे फार महत्त्वाचं आहे, कारण जानेवारीत खोली २० डिग्री असते आणि मेमध्ये कूलर बंद असेल तर ३८, आणि हा १८ डिग्रीचा फरक जवळपास जसाच्या तसा कोरवर चढतो. जानेवारीत ७२ दाखवणारा कोर मेमध्ये ९० दाखवतो, यात प्रोसेसरचं काही बिघडलेलं नसतं. म्हणून वहीत कोरचं टेम्परेचर एकटं लिहू नका, बाजूला खोलीचं पण लिहा आणि वजाबाकी करा, तुलना त्या वजाबाकीची करायची.

आणि टेस्ट चालू असताना कूलर मध्येच चालू-बंद करू नका. एक तर कायम चालू नाहीतर कायम बंद. मी पहिल्या दिवशी लाईट गेल्यामुळे कूलर बंद झालेला आणि इन्व्हर्टरवर पीसी चालू, अशा अवस्थेत घेतलेले आकडे दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांशी जुळवत बसलो होतो, आता आठवलं की हसू येतं.

लोडसाठी प्राइम९५ या सॉफ्टवेअरची स्मॉल एफएफटी ही टेस्ट चालेल, पण एव्हीएक्स (प्रोसेसरची जड गणितं करायची सोय) चालू असेल तर तो भयंकर तापवतो, रोजच्या कामात कोणी तेवढं तापवत नाही. नवीन माणसानं एव्हीएक्स बंद करून चालवावा किंवा सिनेबेंच आर२३ ही दुसरी टेस्ट दहा मिनिटं फिरवावा. पहिली पाच मिनिटं जाऊ द्या, हीटसिंक तापायला वेळ घेतो. मग एचडब्ल्यूइन्फोमधलं घड्याळाचं बटण दाबून आकडे रिसेट करा आणि पुढच्या पाच मिनिटांचा अॅव्हरेज कॉलम लिहून घ्या. मॅक्सिमम कॉलम बघू नका, त्यात एखाद्या क्षणाची उडी येते आणि माणूस उगाच घाबरतो. बाजूला पॅकेज पॉवर, म्हणजे अख्खा प्रोसेसर खातो ती वीज, किती वॅट आहे तेही लिहा, ते पुढे लागणार आहे.

अजून एक, हे मला फार उशिरा समजलं. प्राइम९५ चालू असताना एक कोर अचानक दहा-पंधरा डिग्री थंड झाला तर खुश होऊ नका. ओव्हरक्लॉक अस्थिर असेल तर त्या कोरवरचा वर्कर, म्हणजे प्राइम९५ नं त्याला दिलेलं काम, एरर देऊन थांबतो, कोर रिकामा बसतो आणि म्हणून थंड दिसतो. प्राइम९५ ची खिडकी उघडून बघा, सगळे वर्कर चालू आहेत ना. नसतील तर तुमचा प्रश्न टेम्परेचरचा नाहीच.

आता खरी टेस्ट: वॅट दुप्पट, फरक किती?

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कारण यामुळे हीटसिंक न काढता समजतं की दोष कुठे आहे.

उष्णता जेव्हा एखाद्या रस्त्यानं बाहेर जाते तेव्हा रस्त्याच्या दोन टोकांमधला टेम्परेचरचा फरक वॅटच्या प्रमाणात वाढतो. वॅट दुप्पट, तर फरक दुप्पट. म्हणजे एका कोरवरची पेस्ट जाड आहे किंवा हीटसिंक तिथं नीट टेकत नाही म्हणून तो गरम असेल, तर लोड वाढवला की तो बाकीच्यांपासून अजून दूर पळेल. पण सेन्सरच जर पाच डिग्री जास्त सांगत असेल, तर तो ६० वॅटला पण पाच जास्त सांगेल आणि १२० वॅटला पण साधारण तेवढंच.

तर दोन वेळा मोजायचं. एकदा बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) क्लॉक आणि व्होल्टेज खाली आणून, साधारण निम्म्या वॅटवर, आणि एकदा ओव्हरक्लॉकवर. माझं असं आलं: ६० वॅटला सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम कोरमध्ये ८ डिग्री, १२० वॅटला १६. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता, रस्त्यातच कुठेतरी खड्डा होता. हेच जर ६० ला ६ आणि १२० ला ७ आलं असतं तर मी मशीन बंद करून तर्री पोहे खायला गेलो असतो.

वॅट इतके का वाढतात ते पण सांगतो, कारण नवीन पोरांना वाटतं क्लॉक दहा टक्के वाढवला तर उष्णता पण दहा टक्के वाढेल. तसं नसतं बाप्पा. उष्णता क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.२ गीगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर होतं आणि तुम्ही ४.६ साठी १.३५ व्होल्ट दिले, तर क्लॉक साडेनऊ टक्के वाढला पण उष्णता जवळजवळ ३९ टक्के. ९० वॅटचे १२५ झाले. आणि जो चार-पाच डिग्रीचा फरक आधी लपून होता तो पण त्याच हिशोबानं फुगून वर येतो, म्हणून लोकांना वाटतं ओव्हरक्लॉकमुळे कोर खराब झाला. त्यातून बायोसमध्ये व्होल्टेज ऑटोवर ठेवलं तर बोर्ड बरेचदा गरजेपेक्षा जास्तच देतो, सावध म्हणून. तेव्हा हीटसिंकला हात लावायच्या आधी व्होल्टेज हातानं सेट करा, ०.०१ च्या पायरीनं खाली या, प्रत्येक पायरीला टेस्ट घ्या. फुकटचं काम आहे आणि बऱ्याच लोकांचं इथेच भागतं.

आकडे कसे वाचायचे

चार कोरच्या साध्या इंटेल चिपमध्ये कोर एका ओळीत बसलेले असतात, एका बाजूला ग्राफिक्स आणि दुसऱ्या बाजूला मेमरी कंट्रोलर वगैरे. मधल्या दोघांना दोन्हीकडून गरम शेजारी, कडेच्यांना एका बाजूनं थोडी सावली. म्हणून ७२, ७७, ७८, ७१ असा मधे फुगवटा दिसला तर ते नैसर्गिक आहे, सोडून द्या.

७१, ७६, ८२, ८७ असा जिना दिसला तर बहुतेक वेळा हीटसिंक तिरपा बसलाय. हेच माझं होतं आणि मी तीन दिवस हा जिना बघून पण बघितला नाही.

आणि तीन कोर सारखे, एकच भलताच वर, असं असेल तर पेस्टमध्ये हवेचा बुडबुडा, किंवा प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या आतला मामला, किंवा सेन्सर. वरची वॅटची टेस्ट तिथे निवाडा करते.

आठ-दहा कोरच्या चिपमध्ये कोर दोन ओळींत असतात त्यामुळे जिना सरळ दिसत नाही, आपल्या चिपचा नकाशा शोधून कागदावर चौकोन काढून त्यात आकडे भरा, मग डोळ्याला दिसेल. आणि सगळेच कोर सारखे तापत असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तुम्ही आधी हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ काढा, इकडच्या धुळीचं काय सांगायचं, दोन महिन्यांत पात्यांवर करड्या रंगाची गोधडी तयार होते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका.

हीटसिंक काढायच्या आधी एक सोपी युक्ती. टॉवर हीटसिंक जड असतो, उभ्या कॅबिनेटमध्ये तो खाली लोंबतो. मशीन बंद करून कॅबिनेट आडवं झोपवा, म्हणजे हीटसिंक प्रोसेसरवर सरळ उभा राहील, आणि तीच टेस्ट परत घ्या. फरक लगेच कमी झाला तर पकड ढिली आहे, पेस्ट बदलून काही होणार नाही. माझा १६ चा ११ झाला, तेव्हा ट्यूब पेटली.

काढणं आणि बसवणं

मशीन दहा मिनिटं चालवून मग बंद करा, पेस्ट कोमट असली की हीटसिंक सहज सुटतो. सरळ वर ओढायचा नाही. थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवायचा, विशेषतः जुन्या एएम४ वाल्यांनी (रायझनचं जुनं सॉकेट, पिना प्रोसेसरला असतात), नाहीतर हीटसिंकला चिकटून अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

काढल्यावर लगेच पुसू नका. हा फोटो काढायचा क्षण आहे. पेस्टचा छापा तुम्हाला सगळी कहाणी सांगतो. माझ्या छाप्यात डावीकडे पेस्ट इतकी पातळ होती की खालचा धातू करड्या काचेतून दिसावा तसा दिसत होता, आणि उजवीकडे जाड, तिच्यावर बारीक बारीक झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा उठलेल्या, जशा लोणी लावलेले दोन पाव ओढून वेगळे केल्यावर उठतात. मधे कुठेतरी जाड-पातळची सरळ हद्द. म्हणजे डाव्या बाजूचा स्क्रू मी आधीच पूर्ण आवळला होता आणि उजवी बाजू कधी खाली बसलीच नव्हती, उजवा स्क्रू मात्र घट्ट लागला असं हाताला वाटलं कारण तो आट्यात तिरका गेला होता. दुकानदाराचा दोष नाही, पेस्टचा नाही, माझाच.

छाप्याच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म सापडली तर लाजू नका, नवीन हीटसिंकच्या बुडाची फिल्म काढायची राहून गेलेले लोक भरपूर आहेत.

आता पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे मिळतं, आणि धागे न सुटणारं कापड किंवा चष्मा पुसायचं कापड. टिश्यू पेपर धागे सोडतो. पुसून झाल्यावर स्टीलच्या पट्टीची कड प्रोसेसरच्या झाकणावर उभी धरा आणि मागून टॉर्च मारा, मग तीच कड हीटसिंकच्या बुडावर. मधून थोडासा उजेड येणं काही नवल नाही. पण एका कडेला स्पष्ट फट दिसली तर वहीत लिहून ठेवा.

एलजीए १७०० वाल्यांसाठी, म्हणजे इंटेलच्या बाराव्या जनरेशनपासूनच्या सॉकेटवाल्यांसाठी, इथे थांबतो जरा. त्या सॉकेटची दाबपट्टी लांबुळक्या प्रोसेसरला मधोमध दोन जागी दाबते आणि झाकण किंचित वाकतं, मधे खड्डा पडतो. त्यासाठी बाजारात कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते, ती चारी बाजूंनी सारखं दाबते. उपयोग होतो, पण बसवताना सॉकेटच्या पिना उघड्या पडतात आणि वॉरंटीचा प्रश्न येतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात याच्या नादी लागू नका.

पेस्ट किती? सगळे वाटाण्याएवढी म्हणतात, वाटाणा कोणाच्या घरचा किती मोठा काय माहीत. मी तुरीच्या दाण्याएवढी सांगतो, अख्ख्या तुरीच्या, मधोमध एक ठिपका. मोठ्या लांबट झाकणावर मधे एक आणि चार कोपऱ्यांकडे छोटे चार. बोटानं पसरवू नका, त्यातच बुडबुडे अडकतात. हीटसिंकच्या बुडात तांब्याचे पाईप उघडे दिसत असतील तर पाईपांच्या मधल्या फटीत आधी जुन्या कार्डानं थोडी पेस्ट घासून भरा, मग ठिपका.

हीटसिंक सरळ वरून ठेवा आणि एकदा टेकला की उचलून परत ठेवू नका. उचलला तर पुसून परत नव्यानं पेस्ट. स्क्रू चारही हातानं दोन-दोन आटे, मग समोरासमोर तिरपे, पहिला अर्धा फेरा, मग त्याच्या कर्णावरचा अर्धा फेरा, मग उरलेले दोन, आणि असंच फिरत फिरत शेवटापर्यंत. गाडीचं चाक बदलताना नट जसे आवळतो तसंच. दोनच स्क्रूचा हीटसिंक असेल तर इकडे अर्धा, तिकडे अर्धा. इंटेलच्या बॉक्समधला पुश पिनवाला असेल तर कर्णावरच्या दोन पिना एकदम दाबा, "टक्" असा आवाज आला पाहिजे, आणि शक्य असेल तर बोर्डच्या मागून बघा की चारही पिनांची टोकं पूर्ण बाहेर आलीत. समोरून सगळं ठीक दिसतं आणि मागं एक पीन अर्धवट असते, हे मी दोन मित्रांच्या मशीनवर पाहिलंय.

परत तीच टेस्ट, तोच कूलर चालू, तेच वॅट. माझं आलं ७२, ७७, ७८, ७१. जिना गेला, फुगवटा राहिला, आणि वरचा कोर ८७ चा ७८ झाला. एक स्क्रू.

एवढं करूनही एक टोक गरमच असेल तर

हीटसिंक अर्धा फेरा फिरवून, म्हणजे डावी बाजू उजवीकडे करून बसवता येत असेल तर बसवा. गरम टोक हीटसिंकसोबत दुसरीकडे गेलं, तर दोष हीटसिंकच्या बुडात. तिथेच राहिलं, तर दोष प्रोसेसरच्या बाजूला, आणि मग तो बहुतेक झाकणाच्या आत असतो.

आतली गोष्ट अशी की २०११ च्या सँडी ब्रिजपर्यंत इंटेलच्या मेनस्ट्रीम डेस्कटॉप क्वाड कोरमध्ये चिप आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर, म्हणजे वितळवून जोडलेला धातू, असायचं, २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून तिथे पेस्ट आली आणि आठव्या जनरेशनपर्यंत राहिली, २०१८ मध्ये नवव्या जनरेशनच्या ९९००के वगैरेंमध्ये सोल्डर परत आलं. मधल्या काळातला प्रोसेसर सेकंडहँड घेतला असेल, आणि बरेच जण तोच घेतात कारण परवडतो, तर आतली पेस्ट सुकलेली किंवा एका बाजूला जाड असू शकते. त्यावर लोक झाकण उपटून आत लिक्विड मेटल भरतात. मी सांगेन नका करू, निदान पहिल्या प्रोसेसरवर तरी नका. लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं, ते वीज वाहतं आणि अॅल्युमिनियमला खातं, एक थेंब बोर्डवर पडला की संपलं.

त्यापेक्षा गरम कोरचं ओझं कमी करा. रायझन ५००० आणि पुढच्यांत कर्व्ह ऑप्टिमायझरमधून एकेका कोरला वेगळा निगेटिव्ह ऑफसेट देता येतो, म्हणजे त्याचं व्होल्टेज कमी करता येतं, नवीन इंटेल बोर्डांवर कोरनिहाय क्लॉक वेगळा ठेवता येतो. जुन्या बोर्डवर हे नसेल तर सगळ्यांनाच शंभर मेगाहर्ट्झ खाली आणा आणि व्होल्टेज पण कमी करा, गेममध्ये तुम्हाला फरक सांगताही येणार नाही.

शेवटचं काम बायोसमधलं. दोन प्रोफाईल सेव्ह करा. माझं एक आहे ४.६ चं, ते ऑक्टोबर ते मार्च. दुसरं ४.३ चं कमी व्होल्टेजवालं, त्याला मी बायोसमध्ये "नवतपा" (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) असं नाव दिलंय, आणि ते पाऊस पडला तरी लगेच बदलत नाही, कारण जूनमध्ये हवा दमट झाली की खिडकीतला कूलर नुसता वारा देतो, गारवा नाही, आणि खोली रात्री अकरालाही ३४ असते. पीसी मात्र कूलरच्या सरळ झोतात ठेवू नका, पाण्याचे बारीक थेंब उडतात आणि वाळल्यावर बोर्डवर क्षाराचे पांढरे ठिपके सोडतात. माझा आता खिडकीच्या विरुद्ध भिंतीला आहे, जमिनीपासून फूटभर वर, एका जुन्या स्टुलावर.